संधिप्रकाशांतील शिस्त

‘शिस्त’ हा शब्द उच्चारतांच आज आपल्या डोळ्यांपुढें शाळेंतील मुलांची रांग किंवा सैनिकांचें संचलन उभें राहतें. परंतु फारसींतून मराठींत आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ याहून फार नेमका होता. शिस्त म्हणजे बंदुकीचा किंवा तोफेचा नेम. ‘शिस्त धरणें’ म्हणजे डोळा, नळीच्या टोंकावरील खूण आणि लक्ष्य हीं तिन्ही एका रेषेंत आणणें. त्या खुणेलाहि मराठींत एक मोठा बोलका शब्द होता. नळीच्या टोंकाशीं बसलेल्या त्या इवल्याशा मण्याला ‘माशी’ म्हणत. बंदुका गेल्या, तोफा किल्ल्यांवर गंजत पडल्या, माशी पुन्हा नुसती माशी झाली, आणि शिस्त तेवढी मनाचा गुण होऊन आपल्यापाशीं राहिली. या दोन अर्थांमधील नातें मात्र आम्हांस अगदीं तुटलें आहे असें वाटत नाहीं. मावळत्या प्रकाशांत शिकार करण्यासाठीं रायफलीवर जी दुर्बीण बसवीत, तिच्या निवडीच्या इतिहासांत तें नातें विशेष स्पष्ट दिसतें. तो इतिहास येथें सांगावयाचा आहे.

प्राध्यापकानें आपलीं पुस्तकें सोडून बंदुकीच्या दुर्बिणीकडे कां वळावें, असें वाचक विचारतील. त्याचें कारण सोनारी. धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यांतील हें गांव काळभैरवनाथाच्या देवळासाठीं, चैत्रांतील यात्रेसाठीं आणि देवळाच्या आवारांत निर्धास्त वावरणाऱ्या माकडांसाठीं पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. गांवाबाहेर ज्वारीचीं रानें, आणि त्यांपलीकडे मोकळा माळ. आमचे एक मामा तेथले. त्यांनीं आपली रायफल हयातींतच सरकारजमा केली होती. परंतु तिच्यावरची दुर्बीण काढून, फ्लॅनेलच्या तुकड्यांत गुंडाळून, एका पत्र्याच्या डब्यांत जपून ठेविली होती. आमच्या बाळपणीं, १९८० च्या सुमारास, उन्हाळ्याच्या सुटींत सोनारीस गेलों म्हणजे दिवेलागणीला माळवदावर बसून ती डोळ्याला लावण्याची मुभा आम्हांस असे. जिच्याखालीं बंदूक नाहीं अशी ती दुर्बीण मामा कां ठेवून आहेत, हें विचारण्याची बुद्धि तेव्हां झाली नाहीं. आणि झाली तेव्हां त्यांनीं जें सांगितलें, तें पुढें येईलच.

मामांच्या वडिलांची पिढी साध्या बंदुकीची. तिचा एक नियम होता, तो मामा आपल्या वडिलांच्याच शब्दांत सांगत: “माशी दिसंना झाली, की बंदूक खांद्यावर अन् पाय घराकडं.” या नियमामागें शास्त्र आहे. बंदुकीची माशी डोळ्यापासून दोन-अडीच हातांवर, आणि जनावर शंभर पावलांवर. दोन्हींवर एकाच क्षणीं दृष्टि ठरवितां येत नाहीं. दिवसा डोळ्याची बाहुली बारीक असते, म्हणून दोन्ही बऱ्यापैकीं निभावतात. अंधार पडूं लागला कीं बाहुली विस्तारते, दृष्टीची धार बोथट होते, आणि काळ्या अंगावर धरलेली काळी माशी सर्वांच्या आधीं नाहींशी होते. जनावर अद्याप दिसत असतें, पण नेम दिसत नाहीं. त्या कांहीं मिनिटांत गोळी झाडावयाची नाहीं, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. हा नियम कोणत्याहि कायद्याच्या पुस्तकांत नव्हता; तो हत्याराच्याच घडणींत होता. काळोख पडला कीं हत्यार आपण होऊन मुकें होई, आणि दिवसभर दबून बसलेल्या जनावराची रात्र त्याची त्याला परत मिळे.

हा नियम मोडल्यास काय होतें, हें आपल्या पुराणकारांना बंदुकीच्या कितीतरी आधीं ठाऊक होतें. अयोध्याकांडांतील दशरथ आपल्या तारुण्यांतील ती रात्र मरणाच्या दारांत आठवतो. पावसाळ्याचे दिवस, शरयूचा काठ, दाट काळोख. पाण्यांत घडा भरल्याचा आवाज त्याला हत्तीच्या सोंडेचा वाटला आणि त्यानें आवाजाच्या रोखानें बाण सोडला. अंध मातापित्यांसाठीं पाणी नेण्यास आलेला तपस्व्याचा मुलगा त्या बाणानें मेला. लोकपरंपरेंत तो श्रावणबाळ झाला. शब्दवेध ही विद्या म्हणून दशरथाला अभिमानाची होती. पण काव्याचा कटाक्ष असा कीं, त्याचा नेम मुळींच चुकला नव्हता. लक्ष्य कोणतें हेंच त्याला दिसलें नव्हतें. अंधारांतल्या शिकारीचा सारा प्रश्न या एका प्रसंगांत आलेला आहे: मारतां येणें ही एक गोष्ट, आणि काय मारतों आहों हें पाहतां येणें ही दुसरी.

सोनारीच्या माणसाला शिस्त हा शब्द दुरून आणावा लागत नाहीं, कारण परांड्याचा किल्ला त्याच्या शेजारींच आहे. विजापुरास आज दिसणारी मलिक-इ-मैदान तोफ १५४९ सालीं अहमदनगरास महंमद बिन हुसेन रूमी यानें ओतली. ती पुढें परांड्याच्या किल्ल्यावर होती, आणि १६३२ मध्यें विजापुरास गेली. सुमारें ५५ टन वजनाच्या त्या पंचधातूच्या धुडाची शिस्त धरणें म्हणजे तटासमोरच्या मैदानाची दिशा धरणें. त्या तोफेला एका सैनिकाशीं कर्तव्य नव्हतें. तिचें लक्ष्य जमाव हें होतें. लहान बंदुकीनें लक्ष्य एकटें केलें, आणि एकट्या लक्ष्यासाठीं माशी लागली. माशीचीहि शक्ति अपुरी पडूं लागली तेव्हां मनुष्यानें भिंगाकडे हात केला.

हालंडांत १६०८ मध्यें दुर्बिणीच्या पेटंटासाठीं अर्ज झाला, आणि दुसऱ्याच वर्षीं गॅलिलिओनें ती आकाशाकडे वळविली. परंतु गॅलिलिओची दुर्बीण नेमाच्या कामाची नव्हती. तिच्या आंत प्रतिमा कोठेंच ठरत नसल्यामुळें तीत खूण बसविण्यास जागा नाहीं. केप्लरनें १६११ मध्यें दोन बहिर्वक्र भिंगांच्या दुर्बिणीची मांडणी दिली. तींत प्रतिमा नळीच्या आंतच उमटते. विल्यम गॅस्कॉइन या तरुण इंग्रज ज्योतिष्याला १६४० च्या सुमारास असें आढळलें कीं, त्या प्रतिमेच्याच पातळीवर एखादा बारीक तंतु ठेविला, तर तारा आणि तंतु दोन्ही सारखेच स्पष्ट दिसतात. म्हणजे माशी आतां दूर जाऊन लक्ष्याच्या अंगावरच बसली. जवळ पाहावें कीं दूर, ही डोळ्याची जुनी ओढाताण येथें मिटली. गॅस्कॉइन स्वतः १६४४ मध्यें मार्स्टन मूरच्या लढाईंत मारला गेला, आणि त्याचा शोध दीर्घकाळ वेधशाळांत व मोजणीदारांच्या यंत्रांतच नांदला.

तो रायफलीवर येण्यास दोनशें वर्षें लागलीं, आणि त्या वाटेवर मुंबई इलाख्याचें नांव लागतें हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांस ठाऊक असेल. मुंबईच्या सैन्यांत नोकरी केलेल्या डेव्हिडसन नांवाच्या अधिकाऱ्यानें रायफलीच्या डाव्या बाजूस बसणारी दुर्बीण तयार केली. व्हिटवर्थच्या षट्कोणी नळीच्या रायफलींवर बसून ती १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवींत दक्षिणेकडील नेमबाजांच्या हातीं गेली. तथापि ती दिवसाची दुर्बीण होती. दूरचें जवळ आणणें एवढेंच तिचें काम. मावळत्या प्रकाशासाठीं म्हणून दुर्बीण निवडण्याचा प्रश्न तेव्हां उपस्थितच झाला नव्हता.

तो प्रश्न उपस्थित झाला उत्तर युरोपांत, आणि त्याचें कारण भूगोल होय. सोनारी १८ अक्षांशांच्या थोडी वर आहे. येथें सूर्य क्षितिजाखालीं जवळजवळ सरळ उतरतो, आणि मावळल्यापासून बाहेरचें काम दिव्याशिवाय करतां येईनासें होईपर्यंत अवघीं बावीस ते पंचवीस मिनिटें जातात. जर्मनींत ५१ अक्षांशांवर जूनमधील तीच वेळ पाऊण तासाची असते. आपल्याकडे संध्याकाळ हा एक उंबरठा आहे. तिकडे ती एक खोली आहे. रानडुकरें त्या खोलींत बाहेर पडतात, आणि उंच मचाणावर बसलेल्या जर्मन शिकाऱ्याला तेथें पाहावयाचें होतें. म्हणून जाड नळीच्या, मोठ्या तोंडाच्या, संधिप्रकाशाच्या दुर्बिणी त्या देशांत वाढल्या. त्या किती उपयुक्त होत्या, याची साक्ष पहिल्या महायुद्धानें दिली. १९१४–१५ मध्यें जर्मन सैन्यानें आपल्याच शिकाऱ्यांच्या दुर्बिणी लावलेल्या रायफली गोळा करून खंदकांत धाडल्या. आणि पहांटेच्या व सायंकाळच्या अंधुक उजेडांत त्यांनीं असा उच्छाद मांडिला कीं, इंग्रजांना तें शास्त्र शिकविण्यासाठीं हेस्केथ-प्रिचर्ड हा शिकारीच पुढें करावा लागला. हरिणासाठीं घांसलेलें भिंग माणसाकडे वळण्यास फार दिवस लागत नाहींत.

आतां अशी दुर्बीण निवडावी कशी? येथें एक सार्वत्रिक भ्रम प्रथम दूर केला पाहिजे. दुर्बीण उजेड निर्माण करीत नाहीं. माळासारखा किंवा जनावराच्या अंगासारखा पसरलेला पृष्ठभाग कोणत्याहि दुर्बिणींतून उघड्या डोळ्यांपेक्षां अधिक उजळ दिसूं शकत नाहीं. ती एवढेंच करते कीं, तितक्याच उजेडाचें चित्र मोठें करून देते. आणि अंधुक असलें तरी मोठें चित्र मेंदूला ओळखतां येतें. तो उजेड न गमावतां डोळ्यापर्यंत पोंचावा, हेंच काय तें निवडीचें मर्म. पुढच्या भिंगाचा व्यास विशालनानें भागला, म्हणजे मागील भिंगांतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास निघतो. ८ पट विशालन आणि ५६ मिलिमीटर भिंग असल्यास चकती ७ मिलिमीटरांची. आणि तरुण डोळ्याची बाहुली अंधारांत साधारण तितकीच विस्तारते. ४ पट विशालन आणि ३२ मिलिमीटर भिंग घेतलें, तर चकती ८ मिलिमीटरांची होते. तिचा कांठ बाहुलीबाहेर सांडतो.

वयाचा हिशोब याहून निष्ठुर आहे. पन्नाशींत बाहुली बहुधा ५ मिलिमीटरांच्या आसपासच थांबते. म्हणून आमच्या वयाच्या गृहस्थानें ५६ मिलिमीटरांचें अवजड भिंग विकत घेणें म्हणजे अरुंद तोंडाच्या तांब्यावर घागर उपडी करणें होय. ८ पट विशालनाला ४० मिलिमीटर त्याला पुरे. व्यापारी ‘संधिप्रकाशाचा अंक’ म्हणून एक संख्या पुढें करितात. विशालन व व्यास यांचा गुणाकार करून त्याचें वर्गमूळ काढावयाचें. ८ × ५६ चें तें २१ भरतें. पण १४ × ३२ चेंहि तेंच भरतें, आणि त्या दुसऱ्या दुर्बिणीची चकती अवघी सव्वादोन मिलिमीटरांची असून दिवेलागणीला तिच्यांत केवळ काळोख दिसतो. अंक बरोबर असूनहि निष्कर्ष चुकतो, याचें विद्यार्थ्यांना दाखविण्याजोगें हें उदाहरण आहे.

दुसरी गोष्ट कांचेची. साध्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारें चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणींत अशीं दहा पृष्ठें असलीं, तर एकतृतीयांश उजेड वाटेंतच जातो, आणि जो भलतीकडे परावृत्त होतो तो चित्रावर धुक्यासारखा पसरतो. जुनीं, डागाळलेलीं भिंगें नव्यांपेक्षां अधिक प्रकाश सोडतात, हें विलक्षण निरीक्षण डेनिस टेलर या इंग्रजानें १८९२ मध्यें केलें होतें. पण तो डाग मुद्दाम कसा पाडावा हें १९३५ मध्यें येना येथील झाइसच्या कारखान्यांत स्माकुला यानें साधलें. भिंगावर निर्वातांत चढविलेला तो अतिसूक्ष्म थर प्रथम लष्करी गुपित होता. आजच्या चांगल्या दुर्बिणींत अनेक थर असतात, आणि शेंकडा नव्वदांहून अधिक उजेड आरपार जातो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि विकत घेणारा तिच्याकडेच सर्वांत कमी पाहतो. ती म्हणजे आंतील तंतूंची फुली. दुपारीं दुकानाच्या दारांत उभें राहून पाहिलें, तर केसासारखी बारीक फुली सुंदर दिसते. पण संधिप्रकाशांत डोळ्याचा कारभार बदलतो. रंग व बारकावे ओळखणारे पेशी मागें सरतात, आणि केवळ उजेड व काळोख ओळखणारे पुढें येतात. पुर्किन्ये या झेक शास्त्रज्ञानें १८१९ मध्यें पहांटे फुलें पाहतांना हेंच टिपलें होतें कीं, अंधुक उजेडांत लाल रंग प्रथम काळा पडतो आणि निळा मागें राहतो. अशा डोळ्याला बारीक रेघ दिसत नाहीं. म्हणून जर्मनांनीं तीन बाजूंनीं जाड दांडे आणि मध्यें तेवढी बारीक फुली, अशी योजना केली. पुढें मध्यावर मंद लाल ठिपका पेटविण्याची युक्ति निघाली. भिंग लक्ष्य दाखवितें. नेम दाखविण्याचें काम फुलीचें आहे.

आतां मामांची गोष्ट. १९७२ च्या कायद्यापूर्वीं कांहीं वर्षें, हिवाळ्याच्या एका संध्याकाळीं, ते आपली नवी दुर्बीण घेऊन माळावर बसले होते. ४ पट विशालन, ३२ मिलिमीटरांचें भिंग, आणि केसासारखी बारीक फुली. वडिलांची माशी केव्हांच नाहींशी झाली असती, अशा वेळीं त्यांना दुर्बिणींतून एक काळवीट स्वच्छ दिसला. पाठ काळी, पोट पांढरें, शिंगांचे पीळ सुद्धां. फुली त्या काळ्या अंगावर आणतांच ती त्यांत बुडून गेली. ती मध्यावरच असणार, असें मनाशीं धरून त्यांनीं चाप ओढला. जनावर कोसळलें, उठलें आणि पळालें. कंदील घेऊन ते मध्यरात्रीपर्यंत रक्ताचे थेंब शोधीत हिंडले. पण कंदिलाच्या उजेडांत मुरमावर रक्त आणि पाणी सारखेंच दिसे. दुसऱ्या दिवशीं दुपारीं घारी-गिधाडें उतरलेलीं दिसलीं, तेव्हां एका ओघळींत तें सांपडलें. पोटांत गोळी लागलेली. मरावयाला त्याला बहुतेक सारी रात्र लागली असावी. हें सांगून मामा थोडा वेळ थांबले, आणि म्हणाले, “काळवीट दिसला, शिस्त दिसली नाही. दुर्बिणीनं अर्धंच काम केलं, अन् मी तिला पुरं समजलो.” त्यानंतर त्यांनीं ती काढून डब्यांत ठेविली.

आम्हांला वाटतें, या एका वाक्यांत त्या साऱ्या निवडीचा निकाल आहे. उत्तम दुर्बीण घेतली असती, जाड फुलीची, थर चढविलेल्या भिंगांची, तर तें काळवीट जागच्या जागीं पडलें असतें, हें खरें. आणि जो शिकार करणारच त्यानें तीच घ्यावी, हेंहि खरें. जखमी जनावर रात्रीच्या स्वाधीन करण्यापेक्षां अचूक गोळी दयेची आहे. परंतु हा युक्तिवाद जेथें नेतो तेथें आपण थांबतच नाहीं. इंग्रज शिकारी हिंदुस्थानांत बहुधा साध्या नेमानेंच मचाणावर बसत. वीस-तीस यार्डांवर विशालनाची गरज नसे. चांदण्यासाठीं ते नळीवर पांढरा, मोठा, घडीचा मणी उभा करीत. कॉर्बेटनें १९२६ च्या मे महिन्यांत रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याला मारलें तें रायफलीला लावलेल्या विजेच्या दिव्यावर. आणि तेथें एका मुलुखाच्या प्राणांचा प्रश्न होता. १९४५ मध्यें अमेरिकनांनीं ओकिनावावर अवरक्त प्रकाशाची दुर्बीण वापरली. आज तर शरीराच्या उष्णतेवरच जनावर दाखविणारीं यंत्रें आहेत. बाहुली, भिंग, थर, फुली, हा सारा हिशोब त्यांनीं निरर्थक केला. त्यांना संध्याकाळ आणि मध्यरात्र सारखीच. जो पडदा हत्याराच्या घडणींतच होता, तो एकेक धागा काढीत आपण पुरता उसवला.

हत्यारांतला नियम गेला, म्हणून तो कायद्यांत लिहावा लागला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें काळवीट पहिल्या परिशिष्टांत घातला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें परवान्याची उरलीसुरली शिकारहि बंद झाली. काळविटाचें बस्तान त्यामुळें पुष्कळ सांवरलें. माळढोकाचें सांवरलें नाहीं. एके काळीं दक्षिणेंतील शिकाऱ्यांचा तो आवडता पक्षी. त्याच्यासाठीं १९७९ मध्यें सोलापूर व नगर जिल्ह्यांत मिळून अभयारण्य झालें, नान्नजचें नांव त्यामुळें देशभर गेलें, पण आज त्या माळांवर तो जवळजवळ नाहींसा झाला आहे. याचा सारा दोष बंदुकीला देणें अन्यायाचें होईल. नांगर, विजेच्या तारा आणि उसाचें पाणी यांचा वांटा त्यांत मोठा आहे. परंतु उरलें तें थोडें आहे, हें उशिरां दिसणें, हीच आपली खरी अंधदृष्टि होय.

सुदैवानें या भिंगाला दुसरा एक वंश आहे. चॅम्पियन नांवाच्या वन-अधिकाऱ्यानें १९२० नंतरच्या दशकांत रात्रीं वाटेवर तार ताणून वाघाला त्याचें स्वतःचें छायाचित्र काढावयास लाविलें. त्याच रीतीचा आजचा कॅमेरा झाडाला बांधलेला असतो. २०२४ च्या डिसेंबरांत आमच्या जिल्ह्यांतील येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यांत असा एक वाघ टिपला गेला. तो यवतमाळकडील टिपेश्वरहून शेंकडों किलोमीटर रानें आणि रस्ते ओलांडून आला होता. हीहि मावळत्या प्रकाशांतलीच नेमबाजी; फक्त चापाच्या जागीं तेथें कांहीं नाहीं.

मागील चैत्रांत सोनारीस गेलों होतों. यात्रा आटोपली होती. मामांचा डबा त्यांच्या मुलानें आम्हांस काढून दिला, आणि आम्ही माळवदावर जाऊन बसलों. भैरव हा रात्रीचा कोतवाल. देवळाच्या शिखरावरचीं माकडें निजावयास चाललीं होतीं, आणि गांवांतलीं कुत्रीं, भैरवाचीं वाहनें, जागीं होत होतीं. दुर्बीण माळाकडे लाविली. बाळपणीं जितकें दिसे तितकें आतां दिसलें नाहीं. बाहुलीचा हिशोब आपल्यालाहि चुकत नाहीं. बांधाशीं कांहींतरी हाललें. काळवीट असेल, कुत्रें असेल, एखादा घरीं परतणारा मनुष्यहि असेल. फुली कधींच बुडाली होती. आम्हीं दुर्बीण खालीं घेतली, फ्लॅनेलांत गुंडाळली आणि डब्याचें झांकण लाविलें.